आठव्या आठवड्यापासून सोळाव्यापर्यंत

कुत्र्याचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याला दिसत नसते आणि ऐकूही येत नसते. डोळे १० ते १४ दिवसांनी उघडतात, कान तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. तोवर त्याचे जग म्हणजे आईच्या अंगाची ऊब, दुधाचा वास आणि भावंडांची ढकलाढकली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिन्याखाली व्यालेली गावठी कुत्री असो की ब्रीडरकडची लॅब्रॅडॉर, हा क्रम बदलत नाही. चौथ्या आठवड्यापासून पिल्ले एकमेकांच्या कानाला, शेपटीला चावू लागतात आणि या मारामारीतच त्यांचे पहिले शिक्षण होते. जोरात चावले की समोरचा किंचाळतो आणि खेळ मोडतो. दुधाचे २८ दात सुईसारखे टोकदार असतात. त्यांचा जोर किती लावायचा, हे पिल्लाने माणसाकडे येण्याआधी भावंडांकडून शिकलेले बरे. पाचव्या आठवड्यातच ‘किती गोड आहे’ म्हणून उचलून आणलेले पिल्लू पुढे घरातल्यांच्या पोटऱ्या आणि मनगटे ओरबाडते, त्याचे एक मोठे कारण हे अपुरे शिक्षण असते.

म्हणून पिल्लू घरी आणण्याचे रास्त वय आठ आठवडे मानले जाते. भारतात २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनीही आठ आठवड्यांखालील पिल्लू विकायला मनाई केली आहे. गाडीखाली आई गेलेल्या पिल्लाला अर्थातच हा नियम लावता येत नाही. ते मिळेल त्या वयात उचलावे लागते. शक्य असल्यास अशी दोन भावंडे निदान काही आठवडे एकत्र ठेवावीत.

आठव्या आठवड्यात आलेल्या पिल्लामागे दोन वेळापत्रके लागलेली असतात, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध जातात. पहिले मेंदूचे. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वागणुकीचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये निघाला. तिथल्याच एका प्रयोगात पिल्लांना उंच कुंपणाच्या मैदानात माणसाचा सहवास न देता वाढवले आणि वेगवेगळ्या वयांत थोड्या दिवसांसाठी माणसांत आणले. लवकर आणलेली पिल्ले माणसाळली. चौदाव्या आठवड्यापर्यंत माणूस न पाहिलेली पिल्ले मात्र रानटीच राहिली. तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यांत पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते ते त्याच्या लेखी ‘नेहमीचे’ होते. नंतर भेटणाऱ्या गोष्टींकडे ते आधी संशयाने पाहते.

दुसरे वेळापत्रक लसींचे. पिल्लाला आईच्या चिकातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात आणि पहिले काही आठवडे तीच त्याचे रक्षण करतात. पण तीच द्रव्ये लसीलाही निष्प्रभ करतात. ती कोणत्या पिल्लात कधी ओसरतील, हे बाहेरून कळत नाही. काहींमध्ये ती सोळाव्या आठवड्यापर्यंत टिकतात. म्हणून एकच डोस पुरत नाही. सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यायचे आणि शेवटचा सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर द्यायचा, अशी जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेची शिफारस आहे. मधल्या काळात आईचे कवच पुरेसे राहिलेले नसते आणि लसीचे अजून तयार झालेले नसते. पार्व्हो नेमका या फटीतून शिरतो. १९७८ मध्ये जगभर पसरलेला हा विषाणू आतड्यांवर घाला घालतो. पिल्लू आधी खाणे सोडते, मग उलट्या आणि रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब सुरू होतात. ‘उद्या बघू’ म्हणण्याइतका अवधी त्यात नसतो. विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो आणि घरातले नेहमीचे फिनाइल त्याच्यावर भरवशाचे नाही. त्याला ब्लीचचे पाणी लागते. ज्या घरात किंवा अंगणात आधीचे पिल्लू पार्व्होने गेले, तिथे लगेच दुसरे आणू नये ते यासाठीच.

म्हणजे लस सांगते, सोळा आठवडे घरात ठेवा. मेंदू सांगतो, चौदाच्या आत जग दाखवा. पहिल्यांदा पिल्लू आणणारी बहुतेक घरे डॉक्टरचे ऐकून पहिला निरोप तेवढा पाळतात. पाचव्या महिन्यात पट्टा बांधून खाली नेले की कुत्रे रिक्षाच्या आवाजाने पायात घुसते आणि छत्रीवाल्यावर भुंकते. मग ‘स्वभावच भित्रा आहे’ असा शिक्का बसतो. अमेरिकेतील पशुवर्तन पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ मध्ये याबाबत स्पष्ट भूमिका घेतली: पहिल्या डोसनंतर किमान सात दिवसांनी, स्वच्छ जागेत, पिल्लाची इतरांशी ओळख सुरू करावी.

महाराष्ट्रातल्या घरात याचा सोपा मार्ग म्हणजे पिल्लाचे पाय जमिनीला न लावता त्याला जग दाखवणे. कडेवर किंवा झोळीत घेऊन गेटपाशी उभे राहायचे. तिथून भाजीची गाडी, कचऱ्याची घंटागाडी, शाळेची बस, हेल्मेट घातलेला पार्सलवाला, काठी टेकत जाणारे आजोबा, सगळे दाखवता येतात. लसीकरण पूर्ण झालेले ओळखीचे शांत कुत्रे असेल तर त्याच्या घरी न्यायचे. मोकळी मैदाने, इतर कुत्र्यांच्या शी-शूच्या जागा आणि दवाखान्याची फरशी मात्र टाळायची. आजारी पिल्ले तिथेच येतात, म्हणून तपासणीपर्यंत आपले पिल्लू मांडीवरच ठेवायचे. कुकरची शिट्टी आणि मिक्सर ही ओळख घर आपसूक करून देते. ढोल-ताशा आणि फटाके यांचे आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून, सोबत खाऊ देत, हळूहळू वाढवता येतात. जूनमध्ये आणलेल्या पिल्लासाठी हे गणपतीच्या आत उरकलेले चांगले.

यापुढे घराची तयारी तशी किरकोळ वाटते, पण अपघात तिथेच होतात. गुळगुळीत टाइल्सवर पिल्लाचे पाय फाकतात, म्हणून त्याच्या कोपऱ्यात सतरंजी किंवा रबरी चटई असावी. चार्जरच्या वायरी उचलून ठेवाव्यात, बाल्कनीच्या गजांतून डोके जात असेल तर खाली जाळी मारावी. उंदराचे औषध घरात नकोच. कुंड्यांमधली कण्हेर आणि सायकस ही दोन्ही झाडे विषारी आहेत. चपलांचे उघडे स्टँड हा विषाचा नसला तरी भांडणाचा विषय होतो.

स्वयंपाकघराचे नियम घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनाही, आधीच सांगून ठेवावे लागतात. कांदा आणि लसूण कच्चे असोत वा शिजवलेले, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात; म्हणजे आमटी-रश्श्यात कुस्करलेली पोळी बाद. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि रव्याच्या लाडवावरचा बेदाणा प्रेमाने भरवणारे कोणी ना कोणी घरात असतेच. चॉकलेट आणि साखरविरहित च्युइंगममधले झायलिटॉल हेही घातक. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांच्या कपच्या होतात, त्या घशात आणि आतड्यांत टोचतात. दूध-पोळीवर कुत्री वाढवण्याची आपली जुनी रीत पोट भरते, पण वाढत्या पिल्लाला लागणारी प्रथिने त्यातून मिळत नाहीत, आणि दूध पुष्कळांना पचतही नाही. पहिला आठवडा आधीच्या जागी खात होते तेच द्यावे, मग हळूहळू बदलावे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत दिवसाला चार वेळा, सहाव्यापर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा खाणे पुरते. कॅल्शियमची बाटली स्वतःच्या मनाने सुरू करू नये. मोठ्या अंगाच्या जातींत जादा कॅल्शियमने हाडे बिघडतात.

जंत बहुतेक पिल्ले जन्मतःच घेऊन येतात, कारण गोल जंतांच्या अळ्या आईच्या पोटातच त्यांच्या अंगात शिरतात. त्यामुळे जंतनाशक दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी दिले जाते. ते दिले होते का, कोणते आणि कधी, हे पिल्लू घेताना विचारून लिहून घ्यावे. हे जंत लहान मुलांनाही त्रास देतात. गोचिडांचे औषध वय आणि वजन विचारूनच लावायचे, मोठ्या कुत्र्याचे उरलेसुरले नव्हे.

पहिली रात्र रडण्याची असते. भावंडांच्या गठ्ठ्यात झोपणारा जीव प्रथमच एकटा पडलेला असतो. आईच्या जागेवरचे फडके सोबत आणले आणि त्याची टोपली माणसाच्या पलंगाशेजारी ठेवली तर रडणे लवकर आवरते. ‘रडून रडून गप्प होईल’ म्हणून बाल्कनीत कोंडणे, हा सल्ला अजून दिला जातो. तो चुकीचा आहे. शू रोखण्याची ताकद साधारण वयाच्या महिन्यांत एक मिळवला तर येईल तेवढ्या तासांची असते. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर तीन तास, आणि जागेपणी त्याहून बरेच कमी. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर त्याला ठरलेल्या वर्तमानपत्रावर न्यायचे, जागेवर झाले की लगेच कौतुक करायचे. शूमध्ये नाक घासल्याने ते फक्त लपून करायला शिकते. दिवसाचे अठरा तास झोपणाऱ्या पिल्लाला पाहुण्यांची रांग झोपू देत नाही, आणि न झोपलेले पिल्लू जास्त चावते. मुलांच्या मित्रमंडळींना हे सांगून ठेवणे पट्टा विकत घेण्याइतकेच जरुरीचे आहे.

सोसायटीचा प्रश्न पिल्लू येण्याआधी मिटवलेला चांगला. कुत्रे पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. घाण उचलणे आणि कुत्र्याला पट्ट्यात ठेवणे ही मालकाची बाजू. मुंबई, पुण्यासारख्या महापालिका पाळीव कुत्र्याचा परवाना देतात आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला मागतात.

ती लस बाराव्या आठवड्याच्या सुमारास दिली जाते. लहान पिल्लाला रेबीज होत नाही, हा समज खोटा आहे. लस न झालेल्या, विशेषतः रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचा दात लागून रक्त आले किंवा ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सोळाव्या आठवड्यातल्या शेवटच्या डोसनंतर आठवडा-दोन आठवड्यांनी पिल्लू जमिनीवरून फिरायला मोकळे होते. तेव्हा त्याचे दुधाचे पुढचे दात पडू लागलेले असतात, सतरंजीवर एखादा सापडतोही. सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत ४२ दातांची पक्की बत्तीशी पुरी होते. तोवर चघळायला काही ना काही लागते. फडक्याला गाठी मारून ओले करून फ्रीजरमध्ये ठेवले तर हिरड्यांना बरे वाटते. निर्बीजीकरणाचे वय जात आणि आकार पाहून डॉक्टरशी बोलून ठरवायचे. रेबीजचा पुढचा डोस वर्षाने येतो.