खिशातलं सेटिंग शीट

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट चालणारी पुष्कळ यंत्रं एका दिवसात म्हातारी ठरली. भोसरी-तळवड्याच्या वर्कशॉपची केबिन असो, चाकणच्या ट्रेनिंग रूममधला पीसी असो की देहू-आळंदीकडच्या एखाद्या भजनी मंडळाचा लॅपटॉप असो, अशा यंत्रावर लिनक्स टाकावं हा विचार आता हौशी माणसांपुरता उरलेला नाही. आणि लिनक्स टाकलं की पुढचा प्रश्न ठरलेला: यावर व्हिडिओ एडिटिंगचं सोपं सॉफ्टवेअर कोणतं? आम्ही एडिटर मंडळी याचं उत्तर एका नावात देतो. कुणी केडेनलाइव्ह म्हणतो, कुणी शॉटकट, कुणी ओपनशॉट. ज्याला छाप पाडायची असते तो सिनेलेरा नाहीतर ब्लेंडर म्हणतो. मीही वर्षानुवर्षं नावंच सांगत आलो. आता मला वाटतं, नुसतं नाव सांगणं ही टाळाटाळ आहे.

बटणं खरं तर कुठेच अवघड नाहीत. कापणं, सरकवणं, जोडणं, आवाज कमीजास्त करणं सगळीकडे जवळपास सारखंच. केडेनलाइव्ह २००२पासून आहे, ओपनशॉट २००८पासून. केडेनलाइव्ह आणि शॉटकट तर एमएलटी नावाच्या एकाच इंजिनावर चालतात. मांडणी वेगळी असते, हाताला सवय व्हायला चार दिवस लागतात, एवढंच. नवा माणूस सोडून जातो तो बटणांमुळे नाही. दोन मिनिटांचा तुकडा त्याला छान जमतो. मग तो पाऊण तासाचं कीर्तन घेतो, आणि पंचविसाव्या मिनिटाला बुवांचे ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे जातात. त्याला वाटतं सॉफ्टवेअर खराब. तो दुसरं उतरवून घेतो, तिथेही तेच. मग लिनक्सच खराब ठरतं.

खोट मालात आहे. फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतो असं आपण म्हणतो. फोन तसं कबूल करत नाही. मंडपातला उजेड उतरला किंवा फोन तापला की तो फ्रेम कमी करतो, फक्त प्रत्येक फ्रेमवर वेळेची नोंद करून ठेवतो. आवाजाचं तसं नसतं. त्याचे सेकंदाला ४८,००० नमुने ठरल्या चालीने येत राहतात. आणि टाइमलाइनला तर समान अंतरावरच्या फ्रेम हव्या असतात. वेळेची नोंद बाजूला ठेवून नुसत्या फ्रेम मोजल्या, तर सरासरी २९.९ फ्रेमचं चित्रण ३०चं समजलं जातं आणि तासाभरात चित्र आवाजाच्या १२ सेकंद आधी संपतं. नोंद वाचणारे प्रोग्रॅमही कुठे फ्रेम गाळतात, कुठे दोनदा दाखवतात, आणि मध्येच उडी मारून जागा शोधताना चुकू शकतात.

१२ सेकंद तर फार लांबची गोष्ट. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीटी.१३५९ या शिफारशीप्रमाणे आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला की प्रेक्षकाला जाणवतो. मागे पडला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत त्याच्या लक्षात येत नाही. उशिरा येणाऱ्या आवाजाची आपल्याला जन्माची सवय आहे. दिंडीत ३४ मीटर पुढे वाजलेला टाळ कानाला एक दशांश सेकंद उशिराच पोचतो आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. पण टाळाच्या वाट्या मिटायच्या आधी नाद आला, तर अडाणी माणूसही मान वळवून बघतो. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे या बाजूला चूक झाकायला जागा जेमतेम एका फ्रेमची. भाषणात ओठांचा घोळ खपून जातो. टाळकऱ्यांच्या रांगेत मात्र प्रत्येक ठेक्याला वीस क्लॅप एकदम वाजत असतात, आणि त्यांतला एकही खोटं बोलत नाही. माझ्या डोळ्यांना आता एका फ्रेमचा फरक दिसत नाही, कानाला तो अजून टोचतो. म्हणून मी पुन्हापुन्हा याच एका जागी येतो.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६चा, दामले-फत्तेलालांचा. त्यातले अभंग ओठांवरून सुटत नाहीत याचं श्रेय आपण कलावंतांना देतो, ते योग्यच. पण थोडं दातेरी चाकालाही द्यायला हवं. चित्राची पट्टी आणि आवाजाची पट्टी, दोन्हींना काठाने भोकं असत आणि दोन्ही एकमेकांना बांधलेल्या दात्यांवरून पुढे जात. एकदा जुळवलं की घसरायला वावच नसे. प्रभातच्याच आवारात १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली, आणि स्टीनबेकच्या एडिटिंग टेबलावर शिकलेल्यांनाही हाच आधार होता. तिथे काम सोपं नव्हतं, फक्त हा एक घोर कुणीतरी दाते पाडतानाच मिटवून ठेवला होता. आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात हे समजावून सांगायची गरज नाही. ऑपरेटर सायकल स्टार्ट दाबतो आणि जॉब बिनबोभाट उतरतो, कारण त्याआधी सेटरने फिक्स्चर बसवलेलं असतं, ऑफसेट भरलेले असतात, पहिला जॉब गेज लावून पाहिलेला असतो. सोपेपणा बटणात नसतो, सेटिंगमध्ये असतो. तेव्हा कोणतं सॉफ्टवेअर सोपं, या प्रश्नाच्या पोटात खरा प्रश्न आहे: सेटिंग कोण करणार?

पैसे भरून घेतलेल्या प्रणालीवर ते बरंचसं कंपनीने केलेलं असतं. फोन ज्यात चित्रण दाबून साठवतो ते एच.२६४ हे २००३चं मानक पेटंटांच्या वेढ्यातलं; कंपन्या परवान्याचे पैसे भरतात, फेडोरासारखी मुक्त वितरणं ते आपल्या मूळ साठ्यात ठेवत नाहीत. ज्याचं नाव आज सगळ्यांच्या तोंडी आहे त्या दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ घेतच नाही. फोनची साधी फाइल दारातच अडते. म्हणून आपल्याकडे इनवर्ड तपासणी आपणच करायची. फाइल टाइमलाइनवर जाण्याआधी तिची फ्रेमची चाल एकसारखी करून घ्यायची. हँडब्रेकमध्ये त्यासाठी ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडावं लागतं. फाब्रिस बेलार यांनी २०००मध्ये सुरू केलेल्या एफएफएमपेगने तेच काम एका ओळीत होतं. केडेनलाइव्ह आणि शॉटकट तर अशी फाइल आली की स्वतःहून विचारतात, बदलून घेऊ का? लोक वेळ वाचवायला ‘नको’ म्हणतात आणि मग रात्रभर ओठ जुळवत बसतात. मला हे दोन प्रोग्रॅम सोपे वाटतात ते एवढ्यासाठीच: ते माल गेटवर तपासतात.

यावर पहिला आक्षेप जागेचा, आणि तो खरा आहे: बदलून घेतलेली फाइल फुगते. डीएनएक्सएचडी १२० या प्रकारात तासाभराचं चित्रण साधारण ५४ जीबी होतं. तीन फोनचं कीर्तन घेतलं की १६० जीबी गेले. जुन्या लॅपटॉपला हे झेपणारं नाही. पण तिथे हट्टाने तोच प्रकार वापरायचं कारण नाही. शॉटकट अशा वेळी तीन पर्याय ठेवतो आणि त्यांतला सर्वांत हलका एच.२६४चाच असतो, काम संपल्यावर मधल्या फाइली पुसताही येतात. दुसरा आक्षेप असा की फोनवरच्या ॲपमध्ये यातलं काही लागत नाही. दोन मिनिटांच्या तुकड्यासाठी हे मान्य, तिथे लिनक्सकडे येऊच नये. तीन माणसांनी तीन कोपऱ्यांतून तासभर घेतलेलं जुळवायचं झालं, की फोनचा सोपेपणा फोनवरच राहतो. तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार: आधी तयारी करावी लागत असेल तर तुम्ही अडचण सोडवली नाही, फक्त जागेवरून हलवली. बरोबर, हलवलीच. पण ती जिथे रोज भोगावी लागत होती तिथून, जिथे एकदाच सोसावी लागते तिथे हलवली. फिक्स्चरही दुसरं काय करतं?

एक मार्ग आमच्या धंद्याने केव्हाच शोधला आहे, आणि त्याबद्दल मला आदर वाटत नाही. चित्र संथ करायचं, मूळ आवाज काढून टाकायचा, वर तयार गाणं ठेवायचं. ओठ कुठे गेले हे मग कोण विचारतो? लग्नांत हे आधी आलं, आता पालखीच्या चित्रणातही आलंय. आकुर्डीच्या मुक्कामाला पोचलेली दिंडी ड्रोनने वरून दिसते, हातातले टाळ संथपणे मिटतात, आणि ऐकू येतो तो भलत्याच स्टुडिओतला सिंथेसायझर. एका अभंगाच्या लांबीचा शॉट धरून ठेवणारा माणूस दुर्मिळ झाला. लोकांची आवड बदलली असं सांगतात. माझा संशय असा की निम्म्यांना आवाज जुळवता येत नव्हता आणि त्यांनी त्यालाच शैली म्हटलं. यात मत्सर नाही असं मी म्हणणार नाही. ते लोक माझ्यापेक्षा जास्त कामं घेतात.

आणि स्वतःचं सांगायचं तर, अवघड राहण्यात माझा स्वार्थ होता. मी सिनेलेराचं कौतुक करायचो, त्यात तो प्रोग्रॅम किती चांगला यापेक्षा तो मला येतो याचा वाटा मोठा होता. काळ्या पडद्यावर एफएफएमपेगची लांबलचक ओळ टाइप करताना मागे कुणी उभं असलं तर हात थोडा जास्त सावकाश चालायचा. प्रत्येक वर्कशॉपमध्ये एक सेटर असा असतो की तो सेटिंग शीट कधी भरत नाही. आकडे त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर असतात आणि तो रजेवर गेला की मशीन उभं राहतं. त्याला लोक कुशल म्हणतात, आणि तो असतोही. लिनक्सच्या जगात आम्ही बरेच जण तसेच आहोत: मुक्त सॉफ्टवेअर वापरणारे आणि चिठ्ठी खिशात ठेवणारे. आता सेटिंगच्या त्या चार ओळी साध्या मराठीत, कुणालाही वाचता येतील अशा लिहून काढायच्या आहेत. कागद समोर घेतला की पहिल्याच ओळीला हात आखडतो, आणि ते वयामुळे नाही.