बेचाळीस नंबरचं भजन

"दादा, माझं बेचाळीस नंबरचं भजन कुठं गेलं?" ऐन कापूसवेचणीत जैनथकडच्या एका मावशींनी गाण्याची मशीन माझ्या टेबलावर आदळली. बेचाळीसवर त्यांचं तुकडोजी महाराजांचं खंजिरीभजन होतं. आता तिथं लग्नातलं डीजेचं गाणं वाजत होतं.

चूक माझीच. चार-पाचशे रुपयांच्या या मशीनवर गाण्याचं नाव दिसत नाही, नुसता लाल आकडा दिसतो. तो ठरतो गाणी मेमरी कार्डात ज्या क्रमाने उतरली त्यावरून. मी कार्ड साफ करून सगळं पुन्हा भरलं होतं. मावशींना अक्षरओळख नाही, पण साठ-सत्तर आकडे तोंडपाठ!

आदिलाबादेत रेडिओ दुरुस्त करता करता मी या मशीनींकडे वळलो. त्यांचं खरं दुखणं सेल. बहुतेकींत जुन्या नोकियाच्या बीएल-५सी जातीचा असतो, तोही नकली. त्यावर छापलेला क्षमतेचा आकडा मी कधीच खरा धरत नाही. मे महिन्यात बांधावर तापलेली मशीन आली की आधी मागचं झाकण बघतो. ते वर उचललेलं असेल तर सेल फुगलाय. तो दाबू नये, टोचू तर मुळीच नये. आवाजाचं काय सांगू? ढोल वाजला की पत्र्यावर वाळू पडल्यासारखा. रेडिओ मात्र शिवारातही लागतो. चार्जिंगची वायर खोचून ठेवायची, पुष्कळ मशीनींत तीच एरियल.

२००१ साली आयपॉड आला तेव्हा ५ जीबीत हजार गाणी मावतात याचं जगाला कोण कौतुक! तेवढी गाणी आज इथल्या मळक्या कार्डात असतात. २०१७ साली आलेल्या कारवां नावाच्या मशीनीत तर पाच हजार हिंदी गाणी आधीच भरलेली. मशीन देखणी, आवाज गोड. पण दिवाळीत गोंडांच्या गुड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, नाचाची दंडारी निघते, मोरपिसांचे टोप घालून गुसाडी नाचतात, पोरं ते मोबाइलवर टिपतात; ते कुठली कंपनी भरून देणार? दिवाळी झाली की पोरं माझ्याकडे येतात. मोबाइलचं रेकॉर्डिंग बहुधा एमफोरए नाहीतर एएमआर, आणि स्वस्त मशीनला कळतं मुख्यतः एमपीथ्री. ते बदलून द्यायचे मी पैसे घेत नाही. बायको म्हणते, म्हणूनच दुकान चालत नाही.

मावशींचं भजन एकशे सतरावर सापडलं. "आता हा नंबर लक्षात ठेवा," मी म्हटलं.

"अन् बाकीचे?"

मी कार्ड पुन्हा साफ केलं. आधीचा क्रम माझ्याकडे नव्हताच. त्या स्टुलावर बसल्या आणि एकपासून सांगू लागल्या. मी एकेक गाणं शोधून भरत गेलो.