मान्यता देणार



आळंदीत स्वतःचे घर असावे ही इच्छा भक्तीत मोडते की वासनेत, याचा निर्णय माझ्याने अजून झालेला नाही. पन्नास वर्षे कीर्तनात मी लोकांना सांगत आलो की देहसुद्धा भाड्याचा आहे. सांगताना खरेच वाटत असे. पण सत्तरी उलटली, आवाज बसला, वीणा खुंटीला लागली आणि सौभाग्यवतीचे गुडघे एसटीच्या पायऱ्यांना नकार देऊ लागले, तेव्हा आम्हा दोघांच्याही तोंडी एकच वाक्य येऊ लागले : आता इंद्रायणीकाठी जाऊन राहावे.

त्याला एक जुनी ओढही होती. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीला स्थापलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत मी चार वर्षे काढली. त्या काळी आम्ही विद्यार्थी झोळी घेऊन माधुकरीला निघत असू. ठरलेली घरे असत. त्यांपैकी एका घरातली माउली भाकरीवर न चुकता चटणीची गोळी ठेवायची. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला ती चटणी कशी लागत असेल ते ज्याने माधुकरी मागितली त्यालाच कळेल. पन्नास वर्षांनी कळले, की तेच घर विकायला आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी, भिंती जुन्या पांढऱ्या मातीच्या. ती माउली कधीच वैकुंठवासी झाली होती. आता तिची सून, तीही विधवा, ते विकून चाकणला मुलाजवळ जाणार होती.

आम्ही आषाढीहून परतलो आणि घर पाहिले. सौभाग्यवती ओट्यावर टेकली ती उठेचना. मी त्या बाईंना म्हणालो, "ताई, किंमत सांगा." त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "महाराज, लपवून काय करू? घर एकाला दिलंय. म्हणजे दिलंय आणि नाहीही."

प्रकार असा होता. चैत्रापूर्वीच्या चैत्रात, म्हणजे सव्वा वर्षापूर्वी, नगरकडच्या एका गृहस्थांनी चोवीस लाखांना घर ठरवून अडीच लाख विसार दिला होता. मुद्रांकावर लिहून नोटरीपुढे सह्या झाल्या होत्या. मुदत सहा महिने. मुदत संपून नऊ महिने लोटले होते. ते पैसे भरीनात आणि घर सोडतही नव्हते. फोन केला की म्हणत, "पुढच्या महिन्यात नक्की." बाईंनी त्यांच्या भरवशावर चाकणला खोली ठरवून अनामत भरली होती, तिचे भाडे वेगळे सुरू होते. त्यांना दोष देण्याची माझी छाती नाही.

मधल्या एजंटाने मला ओट्याच्या कडेला घेतले आणि उपाय सांगितला. म्हणे, एक लाख वाढवून द्या, बाई तयार आहेत. त्याचा विसार परत त्याच्या खात्यात टाकू. तुमचे खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे नोंदवले की विषय संपला. त्याचा कागद नोंदणीकृत नाही, त्यामुळे शोध घेतला तरी तो कुठे दिसणार नाही. "महाराज, कागदावर तो माणूस नाहीच," असे तो म्हणाला. मी त्याच जागी, त्याच क्षणी पंचवीस लाखांना होकार दिला. हे मी स्पष्ट लिहितो, कारण पुढे जे काही बरे वागलो असेन त्याचे श्रेय माझे नाही.

आमचे जावई पुण्याला असतात. त्यांच्या ओळखीच्या वकिलांकडे कागद दाखवायला गेलो. वकील तरुण, पण बोलणे तोलूनमापून. त्यांनी विचारले, "पहिल्या कराराबद्दल तुम्हाला माहीत आहे?" मी म्हणालो, "आहे." ते म्हणाले, "मग शोध अहवालात तो दिसतो की नाही याला तुमच्यापुरता अर्थ नाही." नुसत्या साठेखताने घराची मालकी जात नाही, ती मूळ मालकाकडेच राहते, हे खरे. परंतु ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून द्या, अशी दाद पहिल्या माणसाला न्यायालयात मागता येते. त्यासाठी ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षे मिळतात. शिवाय घरजमिनीच्या व्यवहारात मुदत हाच कराराचा प्राण आहे असे कागदात स्पष्ट नसेल, तर केवळ मुदत टळली म्हणून करार आपोआप मेला असे सहसा धरत नाहीत. पैसे मोजून आणि पहिल्या कराराची माहिती नसताना प्रामाणिकपणे घर घेणाऱ्याला १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचे संरक्षण आहे. "तुम्हाला माहिती आहे. म्हणजे तुम्ही घर घ्याल ते त्याच्या हक्कासकट घ्याल," वकील म्हणाले.

मी विचारले, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली तर? ते म्हणाले, द्यायला हरकत नाही. पण ज्याचे नाव-गाव माहीत आहे त्याला वर्तमानपत्रातून का विचारायचे?

हा प्रश्न कायद्याचा होता, पण मला तो दुसरीकडेच लागला. तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा मी किती वेळा लावली असेन याची गणती नाही. श्रोते डोळे पुसत. त्या कथेतली एक बाजू मात्र मी नेहमी घाईने उरकत असे. महाराजांनी आधी खतांच्या वाटण्या केल्या असे सांगतात. कान्होबांच्या वाट्याची खते कान्होबांच्या हाती दिली आणि डोहात टाकली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. ज्यांनी प्रपंचच सोडला, त्यांनी भावाचा कागद ओला होऊ दिला नाही. आणि मी, टाळ-वीण्याचा माणूस, एका अनोळखी माणसाचा कागद बुडवायला निघालो होतो. वर एक लाख देऊन.

वकिलांनी रीत सांगितली ती अशी. बाईंना आपली किंमत लेखी कळवायची, पण सशर्त : पहिला करार दोघांच्या सहीने मोकळा झाला तरच आम्ही घेऊ, आणि तोवर एक रुपयाही विसार देणार नाही. त्याला एक तारीख घालायची. मी कार्तिकी एकादशीची तारीख घातली. दुसरे असे, की पहिल्या माणसाला प्रत्यक्ष भेटायचे.

त्या गृहस्थांचे गाव सीना नदीच्या काठी. आम्ही दोघे गेलो. जाताना मी नेहमीप्रमाणे धोतर, पांढरा फेटा आणि बुक्का लावून निघालो. यात कपट होते का? त्या दिवशी वाटले नाही. नंतर वाटले.

दारात पाऊल टाकले तोच ते गृहस्थ पायावर आले. "महाराज, आमच्या सप्ताहात तुमचं काल्याचं कीर्तन झालं होतं. मी मागं टाळ धरून उभा होतो." मला चेहरा आठवला नाही; पण आठवल्यासारखे केले. दूध आले. ओघात त्यांची हकीकत कळली. साखर कारखान्यात तीस वर्षे नोकरी, निवृत्तीनंतर थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी अडकलेली, आणि त्या येणाऱ्या पैशाच्या भरवशावर आळंदीचे घर ठरवलेले. पत्नी वारली होती. तिची इच्छा होती, म्हणाले.

मी आलो कशासाठी ते सांगितले. सांगायला अर्धा तास लावला, हेही लिहितो. ऐकून ते माणूस हात जोडून म्हणाले, "तुम्हाला हवंय का? मग झालं. मी सोडतो."

वाचकहो, माझ्या तोंडी 'पांडुरंगाची इच्छा' हे शब्द अगदी आले होते. ते किती सोयीचे शब्द आहेत! तेवढ्यात सौभाग्यवती म्हणाली, "दादा, आम्ही सोडवायला नाही आलो, विचारायला आलो. तुमचे पैसे कधी येतील?" ते म्हणाले, दिवाळीपर्यंत म्हणतात. "मग दिवाळीपर्यंत घर तुमचंच धरा. आले पैसे तर तुम्ही घ्या, आम्ही वास्तुशांतीला येऊ." परतीच्या गाडीत मी तिच्याशी तासभर बोललो नाही. तिला ते कळले असावे. ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

पुढचे तीन महिने माझे नामस्मरण नीट झाले नाही. जपाला बसलो की मनात कारखाना यायचा. त्यांचे पैसे येऊ नयेत असे मी एकदाही म्हटले नाही. पण यावेत असेही म्हणवले नाही.

दिवाळीच्या आठ दिवस आधी त्यांचा फोन आला. दोन हप्ते कबूल होते, एकच मिळाला, तोही उसनवारीत गेला. मी विचारले, "माझ्यासाठी सोडत नाही ना?" ते हसले. "नाही महाराज, पैसेच नाहीत." मला हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्याची लाज वाटली. दोन्ही एकाच वेळी.

मग पैशाचा पेच आला. कागदात लिहिले होते, मुदतीत व्यवहार न झाल्यास विसार बुडेल. ताई म्हणाल्या, निदान पन्नास हजार ठेवून घेते, माझे भाडे गेले. त्यांचेही खोटे नव्हते. सौभाग्यवतीने हिशेब मांडला, की आम्ही वरचा जो एक लाख देतोय तो कशाचा? वाट पाहिल्याचाच ना? ताईंनी मान्य केले. अडीच लाखांचा धनाकर्ष आम्ही आमच्या रकमेतून वळता करून थेट त्या गृहस्थांच्या नावे काढला.

कार्तिकीच्या थोडे आधी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आम्ही सगळे बसलो. खरेदीखतात पक्षांना नावे असतात. विकणारा तो 'लिहून देणार', घेणारा तो 'लिहून घेणार'. वकिलांनी तिसरा पक्ष घातला होता : 'मान्यता देणार'. पूर्वीचा करार रद्द झाला, विसार पूर्ण पोचला, आता या घरावर माझा काही हक्क राहिला नाही, असे त्याने म्हणायचे. इतकी वर्षे शास्त्रे वाचली, पण हा शब्द माझ्या वाचनात नव्हता. ते गृहस्थ छायाचित्राला बसले, यंत्रावर अंगठा ठेवला. कष्टाचा अंगठा, रेषा झिजलेल्या; यंत्र घेईना. तीन वेळा पुसून ठेवला तेव्हा उमटला.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "एक मागू का? वारीला आमच्या दिंडीच्या पिशव्या ओट्यावर ठेवू द्याल?" मी म्हणालो, पिशव्या कशाला, माणसेच उतरा.

यंदा कार्तिकीला सतरा माणसे उतरली. पहाटे तीनला न्हाणीपुढे रांग लागली. दुसऱ्या दिवशी दुपारीच टाकीचे पाणी संपले आणि सौभाग्यवतीने माझ्याकडे असे काही पाहिले, की मी मुकाट बादली उचलली. टाकी पाचशे लिटरची आहे. चैत्रात हजाराची बसवायची म्हणतो.