डावातली बकरी

दिसायला ती तुरीचा एक दाणा. तांबूस, गुळगुळीत, कडेला बारीकसा पांढरा डोळा. आमच्या वाशिमकडे घरात तूर असतेच. ओट्यावर खडूनं पट आखला की मूठभर बकऱ्या डब्यातून निघतात. वाघांना चिंचोके.

वाघ-बकरीच्या तऱ्हा अनेक. आंध्राकडे 3 वाघ आणि 15 बकऱ्या. माझा जीव नेपाळच्या बाघचालीवर: 25 ठिपके, चार कोपऱ्यांत 4 वाघ, पटाबाहेर 20 बकऱ्या. एक बकरी उतरते, एक वाघ हलतो. शेवटची उतरेपर्यंत एकीलाही जागचं हलायची मुभा नाही. वाघ कितीही दांडगा असो, लढाईचा वेग या दुबळ्या बाईच्या हातात.

दुबळे शत्रू झुंडीनं आले की डाव लांबतोच, प्रत्येकाची पाळी यावी लागते. पण बकरी रेंगाळत मरत नाही. वाघ शेजारी आला, पलीकडचा ठिपका रिकामा दिसला, उडी मारली, दाणा उचलला. याउलट, भूमिका घेऊन खेळायच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात कुणाच्या अंगात किती जीव उरला ते लिहून ठेवावं लागतं. दहा फुटकळ गोब्लिन आले की निम्मा वेळ वजाबाकीत जातो. 2008 च्या चौथ्या आवृत्तीनं त्यावर तोड काढली: 'मिनियन'. जीव एक, एका फटक्यात गार. चांगलीच सोय ती. बकरीकडे मात्र ती मुळातच आहे.

तिचं बळ तिच्या पाठीशी असतं. मागच्या ठिपक्यावर दुसरी बकरी असली की उडी बसत नाही. म्हणून जाणता खेळाडू आधी कडा धरतो. कडेवरच्या बकरीवर आतल्या बाजूनं झेप घेताच येत नाही. एकही न गमावता वीसच्या वीस उतरल्या, तर अख्ख्या पटावर एकच ठिपका मोकळा उरतो आणि वाघांना पाय टाकायला जेमतेम जागा राहते. एक जरी गेली तरी खिंडार पडतं, वाघ मोकळे होतात आणि इतका वेळ सरपटणारा डाव एकदम धावत सुटतो. पाच गेल्या की खेळ खलास.

पोरं सगळी वाघच मागतात. मी बकऱ्या घेतो. दोन्हीकडून अचूक खेळ झाला तर बाघचाल बरोबरीत सुटते, हे संगणकानं तपासून सिद्ध झालंय.