अण्णांनी आधी खुर्ची पाहिली

दातांच्या माझ्या दवाखान्यातला एकही एक्स-रे आजवर हरवलेला नाही. दहा-बारा वर्षांनी आलेल्या पेशंटचा जुना फोटो मी क्षणात समोर उघडते, तेव्हा कौतुक माझं होतं. ते खरं ज्यांचं आहे त्यांचं साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एक अरुंद दुकान होतं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात करून ते कॉम्प्युटर असेंबल करण्यापर्यंत आले होते.

२०१२ साली मी केसपेपर बंद करून सगळं सॉफ्टवेअरवर न्यायचं ठरवलं. सॉफ्टवेअरवाल्यांनी छापील यादी दिली होती: प्रोसेसर अमुक, रॅम तमुक. अण्णांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, “मॅडम, कोटेशन नंतर. आधी तुमचं काम चालताना बघू द्या.”

पेशंटना विचारून ते एक अख्खी दुपार कोपऱ्यात स्टुलावर बसले. आरव्हीजीचा, म्हणजे डिजिटल एक्स-रेचा, सेन्सर तोंडात ठेवला की दोन-चार सेकंदांत दात पडद्यावर येतो, हे पाहून त्यांचे डोळे चमकले. हे कुणी काढलं, असं त्यांनी विचारलं. फ्रान्समधल्या फ्रान्सिस मुयाँ नावाच्या दंतवैद्यानं, १९८० च्या दशकात, असं मी सांगितलं. ते नाव त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मग खुर्ची रिकामी झाल्यावर ते स्वतः तिच्यात आडवे झाले. “इथून पडदा कसा दिसतो ते बघतो.” त्या काळच्या स्वस्त मॉनिटरना टीएन पॅनल असे. समोरून चित्र ठीक, पण खालून पाहिलं की रंग फिरायचे, काळं पांढरट दिसायचं. आणि पेशंट तर खालूनच पाहणार! मुळाच्या टोकाशी हाड झिजल्याचा जो काळा डाग दाखवून मी रूट कॅनॉल का करायचं ते समजावते, तोच त्याला नीट दिसला नाही तर माझ्या बोलण्यावर त्यानं विश्वास का ठेवावा? छापील यादीत मॉनिटरचा फक्त आकार होता. अण्णांनी आयपीएस पॅनल घ्यायला लावलं आणि ते पैसे प्रोसेसर एक पायरी खाली आणून काढले. अपॉइंटमेंट, चार्टिंग आणि बिलांना मोठा प्रोसेसर लागत नाही, हे त्यांचं म्हणणं पुढे तंतोतंत पटलं. थ्रीडी स्कॅन मी बाहेरून करून घेत असे, म्हणून ग्राफिक्स कार्डही त्यांनी सरळ खोडलं.

सेन्सरची यूएसबी केबल रिसेप्शनपर्यंत लांबवायला त्यांनी ठाम नकार दिला. पाच मीटरच्या पुढे ती भरवशाची नाही, म्हणून खुर्चीजवळ वेगळं मशीन हवं. तेही जमिनीवर नको, कारण दातांच्या साच्यांच्या प्लास्टरची धूळ पंखा आत ओढतो. भिंतीवर फळी ठोकून कॅबिनेट वर चढवलं. ते सर्व्हरशी, म्हणजे सगळ्या नोंदी ठेवणाऱ्या मुख्य मशीनशी, जोडायला वायफायऐवजी लॅनची केबल टाकली. कारण नोंद लिहिली जात असताना कनेक्शन तुटलं तर डेटाबेस बिघडू शकतो. कॉम्प्रेसर सुरू झाला की ट्यूबलाइट क्षणभर मंद होते, हे मी रोज पाहत होते. अण्णांनी ते पहिल्याच दुपारी टिपलं, कॉम्प्रेसरची लाइन वेगळी करायला लावली आणि सर्व्हरला ऑनलाइन यूपीएस दिला.

सर्व्हरमध्ये दोन हार्ड डिस्क होत्या, एकीवरचं सगळं दुसरीवर आपोआप उतरायचं. पण चुकून काही पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जाईल, म्हणून दर शनिवारी एक बाहेरची डिस्क भरून घरी न्यायची. महिन्याभरानं अण्णा आपलं दुसरं मशीन घेऊन आले. “बॅकअप आहे असं म्हणू नका. यावर उघडून दाखवा.” तो उघडेपर्यंत ते हलले नाहीत. पुढे एकदा खरंच डिस्क गेली. दुसरीच्या जोरावर दवाखाना त्या दिवशीही चालू राहिला.

या सगळ्याबद्दल त्यांनी फक्त सामानाचं बिल घेतलं. काही भाग मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून त्यांनी स्वतः आणले होते, त्याचा प्रवासखर्चही लावला नाही. पुढे त्यांच्या दाढेवर कॅप बसवली तेव्हा मी पैसे नको म्हटलं, तर पावती मागून पूर्ण रक्कम टेबलावर ठेवली. मला हे ऋण फेडू द्यायला ते तयारच नव्हते, आणि ते अंगावर असल्याचा मला आनंद आहे. माणसाचं दुखणं ऐकून घेतल्याशिवाय औषध लिहू नये, हे मी कॉलेजात शिकले होते. यंत्राच्या बाबतीत तोच धर्म पाळणारा दुसरा कुणी मला भेटला नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. त्याआधी मशीन बदलायची म्हणून मी अण्णांना फोन केला. दुकान आता बंद आहे, डोळेही थकलेत. मी एसएसडी, रॅम, टीपीएम सांगू लागले, त्यांनी मध्येच थांबवलं. “ते घ्याल हो. अर्थिंग कधी मोजलं?”

दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावला. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज हवा त्यापेक्षा जास्त निघाला. इमारतीमागचा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता. कोळसा-मीठ घालून तो नव्याने भरून घेतला आणि रीडिंग अण्णांना कळवलं. मशीनची ऑर्डर त्यानंतर दिली.