अकरा सेंटिमीटर

फ्लॅट बघायला आलेलं गिऱ्हाईक कोपऱ्यात पुढे आलेला कॉलम पाहून आधी नाक मुरडतं आणि मग विचारतं, "इथे कपाट कसं बसणार?" पुण्यात आरसीसी डिझाइनचं काम करतोय त्याला सत्तावीस वर्षं झाली, आणि हा प्रश्न या ना त्या वाटेने माझ्या टेबलावर येत राहिला. आर्किटेक्टला बाहेरून भिंत सपाट हवी असते. बिल्डरला आतून कॉलम दिसायला नको असतो. मग सरकतो तो बीम. कॉलमच्या मध्यावरून निघून तो बाहेरच्या कडेला जाऊन बसतो, अगदी लाइनदोरीत.

कॉलम ४५० मिलिमीटरचा चौकोनी आणि बीम नऊ इंची, म्हणजे २३० चा, असं धरा. बाहेरच्या कडा जुळवल्या की दोघांच्या मध्यरेषांत ११० मिलिमीटरचं अंतर पडतं. रोजच्या ओझ्याला हे अकरा सेंटिमीटर फारसे जाणवत नाहीत. स्लॅब, भिंती, माणसं, सगळ्यांचं वजन कॉलम मुकाट्याने खाली नेतो.

भूकंपात गोष्ट बदलते. इमारत एका बाजूला झुकली की एकीकडचा बीम वरच्या सळयांनी कॉलमला ओढतो आणि पलीकडचा त्याच दिशेला रेटतो. खालच्या सळयांपाशी नेमकं उलट घडतं. वीस मिलिमीटरच्या चार सळया पुरत्या ताणल्या गेल्या तर त्यांचीच ओढ ८० टनांच्या घरात जाते, आणि इमारत परत झुकली की सगळ्या दिशा उलटतात. ही झोंबाझोंबी चालते बीमच्या उंचीएवढ्या कॉलमच्या तुकड्यात. त्यालाच आम्ही जॉइंट म्हणतो.

जात्याचा खुंटा काठावर असतो म्हणून जातं फिरतं. कडेला बसलेला बीमही कॉलमला तसाच फिरवू बघतो. जॉइंटचा वरचा भाग एका दिशेला, खालचा दुसऱ्या दिशेला, म्हणजे धुण्याला घालतात तसा पिळाच. पिळाचा ताण आणि ओढण्या-रेटण्याचा मूळचा शिअर, म्हणजे कातरणारा ताण, हे दोन्ही बीमच्या बाजूच्या, म्हणजे त्या सपाट, देखण्या बाजूच्या काँक्रीटवर एकत्र येतात. दुसरी बाजू त्या मानाने निवांत असते. अमेरिकेत राफाएल आणि वाइट यांनी असे सांधे प्रयोगशाळेत पुढेमागे हलवून पाहिले आणि १९९५ मध्ये निष्कर्ष छापले. कॉलमच्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या रिंगांपैकी बीमच्या बाजूच्या भागावर जास्त ताण आलेला त्यांना दिसला.

अमेरिकी संहितेचा हिशेब कडक आहे. बीमच्या मध्यरेषेपासून कॉलमच्या जवळच्या कडेपर्यंतचं अंतर घ्यायचं आणि दुप्पट करायचं. आपल्या उदाहरणात ११५ ची दुप्पट, २३०. म्हणजे काँक्रीट ओतायचं ४५० चं आणि जॉइंटच्या ताकदीत मोजायचं निम्मं. न्यूझीलंडचं सूत्र याच सांध्याला ३४२ देतं. मला अमेरिकी सूत्र जरा कंजूष वाटतं. स्लॅब सोबत असला की तो पिळाला बराच आवर घालतो. तरी शंका आली की मी कंजूष आकडाच धरतो.

आपल्याकडचा खरा त्रास चौकोनी कॉलमचा नाहीच. कॉलम भिंतीत लपवायचा म्हणून तो २३० बाय ७५० चा पट्टीसारखा होतो, आणि आडवी भिंत त्याच्या टोकाशी येते म्हणून बीमही टोकालाच येऊन भिडतो. मध्यरेषांतलं अंतर मग २६० होतं. शिवाय बीमच्या दिशेने कॉलमची खोली २३० च उरते. तेवढ्यात जाड सळई धरून ठेवायला जागा कुठून आणणार?

२६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपानंतर मी अहमदाबादला गेलो होतो. केंद्रबिंदूपासून दोनशेहून जास्त किलोमीटर दूर, तरी पार्किंगवर उभ्या असलेल्या इमारती बसल्या होत्या. त्याचा दोष सरकलेल्या बीमवर ढकलणं खोटं ठरेल. तळमजल्यावर भिंतीच नव्हत्या, हे मोठं कारण. पण फुटलेल्या एका सांध्याशी मी बराच वेळ रिंग शोधत होतो. एकही सापडली नाही. जॉइंटमधून रिंगा चालू ठेवा, हे आपल्या १९९३ च्या संहितेतही होतं. जॉइंटचा शिअर तपासण्याचा नियम २०१६ च्या आवृत्तीत आला.

त्या रिंगांवरून माझं प्रत्येक साइटवर भांडण होतं. "साहेब, बीमचा पिंजरा खाली उतरवायचा तर ही रिंग आडवी येते," फिटर म्हणतो. खोटं बोलत नाही तो. कडेला सरकलेल्या बीमच्या सळया कॉलमच्या कोपऱ्यातल्या सळईवरच येऊन आदळतात, मग त्या वाकवाव्या लागतात. रिंग वरून घालता येत नाही आणि बाजूने शिरत नाही. एका म्हाताऱ्या फिटरमामांनी मला युक्ती दाखवली: पिंजरा वर ठोकळ्यांवर ठेवायचा, जॉइंटच्या रिंगा आधी कॉलमच्या सळयांत ओवून घ्यायच्या, आणि मग दोन्ही बरोबरच खाली सोडायचं. अर्धा दिवस जास्त जातो. तो अर्धा दिवस कोणाच्या बिलात धरायचा, यावर मुकादम आणि मी अजून एकमतावर आलेलो नाही.

आठेक वर्षांपूर्वी एका बिल्डरने माझं ऐकलं. बीम मध्यावर घेतले, कॉलम भिंतीबाहेर अकरा सेंटिमीटर आले. आर्किटेक्ट महिनाभर माझ्याशी बोलला नाही. गेल्या वर्षी सोसायटीने त्या उभ्या पट्ट्यांना चॉकलेटी रंग दिला, आणि आता तोच आर्किटेक्ट नव्या गिऱ्हाइकांना हीच इमारत मुद्दाम नेऊन दाखवतो.