परकीय चलन

आमच्या घरी परदेशातून येणारी वस्तू एकतर वापरायची नसते, नुसती कपाटात दाखवायला ठेवायची असते. किंवा ती कशी वापरायची हे कुणालाच ठाऊक नसते. गेल्या दिवाळीत भाचा इटलीहून आला आणि त्याने एक जड खोके माझ्या हातात ठेवले. आत चकचकीत पोलादी यंत्र, एक हँडल आणि टेबलाला आवळायचा स्क्रू. "मामा, पास्ता मशीन! आता घरी ताजा पास्ता!"

यंत्राला हात लावण्याआधी नियम वाचायचे, ही बँकेतली सवय. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडे, दहा मिनिटे मळणे, अर्धा तास झाकून ठेवणे. मग गोळा सर्वात रुंद फटीतून काढायचा, घडी घालून पुन्हा काढायचा, आणि एकेक नंबर बदलत पातळ करत न्यायचा. वाचता वाचता आणखी एक माहिती मिळाली. बोलोन्या शहरात १९७२ साली 'तालियातेल्ले' नावाच्या पास्त्याची रुंदी चक्क चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवली आहे. शिजल्यावर आठ मिलिमीटर, म्हणजे तिथल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग! माझ्यातला बी.कॉम. गहिवरला. जिथे शेवईचीसुद्धा रीतसर नोंद होते, त्या देशाशी आपले नक्की जमणार.

जमले नाही. रविवारी सकाळी पीठ यंत्रात गेले, ते बाहेर यायलाच तयार होईना. बँकेत जमा झटपट होते आणि पैसे काढायला वेळ लागतो, तसा प्रकार. हँडल तीनदा निसटले. तिसऱ्यांदा माझ्या पायावर. सौ. म्हणाली, "अहो, बाहेरून काही मागवू का?"

आई गॅलरीपाशी खुर्चीत बसली होती. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळे तिला गावाहून इकडे आणले. तेव्हापासून घरातला प्रत्येक जण तिला एकच वाक्य म्हणतो : आई, तुम्ही बसा. प्रेमानेच म्हणतो. आणि ती बसते.

त्या दिवशी ती उठली. यंत्राकडे बघून म्हणाली, "अरे, हे तर शेवयांचं यंत्र! यात एवढं वाचायचं काय? उन्हाळ्यात अख्ख्या आळीत एक असायचं. बाजेला आवळायचं आणि हँडल मारायला तू. पगार म्हणून कच्च्या शेवया खायचास."

मग तिने माझ्या पिठात बोट खुपसले. "हे पीठ आहे की खळ?"

अंडी बाद झाली. बारीक रवा, चिमूटभर मीठ, बेताचे पाणी. तो तिने असा तिंबला की परात सरकू लागली. मी हळूच पुस्तकात पाहिले. दक्षिण इटलीत जुनी रीत रवा आणि पाण्याचीच! म्हणजे आमचे गाव दक्षिण इटलीत येते.

"हळू फिरव. एकसारखं! बँकेत असाच हात चालतो का तुझा?" आई म्हणत होती आणि यंत्रातून सुरेख पट्ट्या उतरत होत्या. टॉवेलच्या दांडीवर, खुर्चीच्या पाठीवर, दोरीवर, जिकडे तिकडे पट्ट्या. यंत्राला पाणी लावू नये, हे वाक्य मी वाचेपर्यंत आईने ते कोरड्या फडक्याने पुसूनही ठेवले होते.

तीन मिनिटांत पास्ता शिजला. मी फूटपट्टी लावली. एक मिलिमीटर कमी भरला. "मोजतोस काय, जेव," आई म्हणाली. हिशेबात फरक असताना मी वही मिटली, ती बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच. पोरांनी टोमॅटोचा रस्सा घेतला. आईने आपल्या वाट्याची दूध-गूळ घालून खीर केली आणि पोरांनी तीही संपवली.

रात्री आई गुडघे चोळत होती. सौ. काळजीने म्हणाली, "आई, पुढच्या वेळी तुम्ही बसा बरं."

"बसते की," आई म्हणाली, "फक्त ते टेबल माझ्या खुर्चीपाशी सरकवा."

आता दर रविवारी टेबल गॅलरीपाशी असते. हँडल अर्थातच माझ्याकडे आहे. पगार पूर्वीचाच.